फोन आला की निघायचं: ऑन-डिमांड कार्गो पायलटचा पगार, ड्युटी आणि ट्रेनिंग

मोटारीच्या कारखान्यात एखादा साधा सुटा भाग संपला तरी अख्खी असेंब्ली लाइन थांबते. लाइन बंद राहिली तर मिनिटागणिक होणारं नुकसान एवढं असतं की त्या भागांची दोन खोकी आणायला पूर्ण जेट भाड्याने घेणं परवडतं. अमेरिकेत अशा घाईवर एक वेगळा धंदा उभा राहिला आहे. डेट्रॉइटजवळचा विलो रन विमानतळ हे त्याचं जुनं ठाणं. दुसऱ्या महायुद्धात फोर्डने तिथे बी-२४ बॉम्बर बनवले. पुढे १९६७ मध्ये कॉनी कलिटा या ड्रॅग रेसिंगच्या वेड्याने सेस्ना ३१० विमानातून मोटारींचे भाग पोचवायला सुरुवात केली. आज कलिटा एअरची ७४७ विमानं जगभर माल वाहतात.

फेडएक्स किंवा यूपीएसचं विमान रोज रात्री ठरल्या वेळी ठरल्या ठिकाणी जातं, मग पोटात माल कमी असो वा जास्त. ऑन-डिमांड कंपनीचं विमान गिऱ्हाइकाचा फोन येईपर्यंत उभंच असतं. आज कुठे जायचं, किती वाजता निघायचं, परत कधी यायचं हे सकाळी कुणालाच माहीत नसतं. म्हणून अशा कंपनीतला पायलट उडण्यासाठी कमी आणि हाताशी असण्यासाठी जास्त पगार घेतो. त्याचा पगार, ड्युटीचे नियम, ट्रेनिंगचे करार या सगळ्यांतल्या विचित्र वाटणाऱ्या गोष्टी इथूनच सुरू होतात.

आधी या धंद्यातली दोन घरं वेगळी करू, कारण दोन्हींचे नियम वेगळे आहेत. अमेरिकेची विमान वाहतूक नियामक संस्था एफएए लहान ऑन-डिमांड कंपन्यांना ‘पार्ट १३५’ या नियमावलीखाली परवाना देते. फक्त माल नेणारं विमान असेल तर त्याची वहनक्षमता ७,५०० पौंडांपर्यंत, म्हणजे साधारण ३,४०० किलोपर्यंत, असावी लागते. लिअरजेट, मेट्रोलायनर, फाल्कन २० ही या घरातली ओळखीची नावं. फाल्कन २० ची गंमत अशी की फेडएक्सने १९७३ मध्ये मेम्फिसहून पहिल्या रात्री जी १४ विमानं सोडली ती हीच. मालासाठी मोठं दार बसवलेली त्यांतली कित्येक विमानं पुढे विकली गेली आणि मोटारींचे भाग नेत म्हातारी झाली. दुसरं घर मोठ्या विमानांचं. ते ‘पार्ट १२१’ मध्ये येतं, त्यातही ‘सप्लिमेंटल’, म्हणजे ठरलेल्या वेळापत्रकाशिवाय उडणाऱ्यांच्या, पोटभागात. ७४७, ७७७, ७६७ अशी विमानं, गिऱ्हाईक कधी लष्कर, कधी दुसरी विमान कंपनी, कधी माल गोळा करणारा एजंट.

या दोन घरांतलं रोजचं आयुष्य इतकं वेगळं आहे की एकाचे अनुभव दुसऱ्याला सांगितले तर त्याला ते ओळखूही येणार नाहीत.

लहान घरातला पायलट घरीच असतो, पण फोन हातात ठेवून. काम असं येतं: एखादा ब्रोकर एकाच वेळी अनेक कंपन्यांना विचारतो, ‘अमुक ठिकाणाहून तमुक ठिकाणी ८०० किलो, कधी पोचवाल आणि किती घ्याल?’ ज्याचा भाव आणि वेळ जमते त्याला काम मिळतं. कंपनीने शब्द दिलेला असतो, म्हणून क्रूला फोन जातो आणि त्यांनी अर्ध्या-पाऊण तासात विमानतळावर हजर व्हायचं असतं. तिथे गेल्यावर हवामान पाहणं, फ्लाइट प्लॅन टाकणं, इंधनाचा हिशोब करणं, आणि माल आला की फोर्कलिफ्टवाल्याला हाताने इशारे करत तो आत घेणं, पट्टे आवळणं, वजनाचा तोल काढणं हे सगळं बहुतेक वेळा दोघा पायलटांच्याच अंगावर पडतं. रात्री अडीच वाजता, बर्फात, पांढऱ्या शर्टात. या नोकरीची जाहिरात पाहणाऱ्याला वाटतं की आपण जेट चालवणार. चालवतोच, पण दिवसाचा बराचसा वेळ माल कधी येणार याची वाट बघण्यात जातो.

‘हाताशी असणं’ म्हणजे काम की आराम, हा इथला सगळ्यात नाजूक प्रश्न. पार्ट १३५ चा नियम असा: दोन पायलटांच्या क्रूला २४ तासांत १० तास उड्डाण चालतं, एकट्या पायलटला ८ तास. आणि काम जेव्हा संपणार असेल त्या क्षणापासून मागचे २४ तास मोजायचे, त्यात सलग १० तासांची विश्रांती सापडली पाहिजे. हे ‘मागे वळून मोजणं’ नव्या माणसाला पटकन कळत नाही, म्हणून एक उदाहरण घेऊ.

समजा, एका पायलटची विश्रांती रात्री १० ते सकाळी ८ अशी ठरलेली आहे. सकाळी ८ नंतर तो फोनवर हजर. दिवसभर काहीच झालं नाही. संध्याकाळी ६ वाजता फोन आला: एक फेरी आहे, रात्री साडेअकराला संपेल. पायलट ताजातवाना आहे, दिवसभर घरी लोळत होता. तरीही ही फेरी त्याला देता येत नाही. रात्री साडेअकरापासून मागे २४ तास मोजले तर आदल्या रात्री साडेअकरा ते सकाळी ८ एवढीच, म्हणजे साडेआठ तासांची, विश्रांती सापडते. दहा भरत नाहीत. तीच फेरी रात्री १० च्या आत संपणार असेल तर चालते. फोनसाठी बांधलेला वेळ एफएए विश्रांती धरत नाही. विश्रांती तीच, जी आधीच जाहीर झालेली असते आणि ज्या काळात कंपनीचा फोन उचलायची सक्ती नसते. ‘दुपारपासून तुला कुणी फोन केलाच नाही, म्हणजे तुझा आराम झाला’ असं संध्याकाळी मागच्या तारखेने ठरवता येत नाही.

कागदावर हे चोख आहे. व्यवहारात कंपनीची गरज नेमकी उलट असते: पायलट चोवीस तास मिळावा. मग ‘सक्ती नाही, पण उचललास तर बरं’ अशी भाषा सुरू होते. जो उचलतो त्याला काम मिळतं, जो उचलत नाही त्याच्याबद्दल कुणी वाईट बोलत नाही, फक्त त्याचं नाव यादीत खाली सरकतं. माझ्या मते कंपनी कशी आहे हे पगाराच्या आकड्यावरून जेवढं कळत नाही तेवढं या एका गोष्टीवरून कळतं. मुलाखतीत विचारावं: रेस्टच्या वेळा कोण ठरवतं, आणि त्या किती आधी कळतात?

वर्षाचीही मर्यादा आहे: तिमाहीत ५०० तास, लागोपाठच्या दोन तिमाहींत ८००, वर्षात १,४००, आणि प्रत्येक तिमाहीत २४ तासांच्या किमान १३ सुट्ट्या. ऑन-डिमांडमध्ये उड्डाणाची ही मर्यादा क्वचितच गाठली जाते. माणूस थकतो तो वाट पाहून आणि उलटसुलट झोपेने, आणि ते तासांच्या बेरजेत कुठेच दिसत नाही.

मोठ्या घरात फोनची टांगती तलवार कमी, पण घर लांब. पायलट महिन्यातून सलग पंधरा-वीस दिवस बाहेर असतो, उरलेले दिवस पूर्ण सुट्टी. बऱ्याच कंपन्या पायलटला राहतं गाव सोडायला लावत नाहीत. विमान जिथे असेल तिथवरचं प्रवासी विमानाचं तिकीट कंपनी काढते. असं प्रवासी म्हणून बसून कामावर जाणं याला डेडहेड म्हणतात. ते ड्युटीत धरतात, उड्डाणाच्या तासांत नाही. हातात महिन्याचं वेळापत्रक असतं, पण ते अंदाजपत्रकासारखंच. अँकरेजहून हाँगकाँगला निघालेला क्रू तिथे पोचेपर्यंत पुढची फेरी लाइपझिगची झालेली असते.

या घरातला मोठा वाद विश्रांतीच्या नियमांचा आहे. फेब्रुवारी २००९ मध्ये बफेलोजवळ कोलगन एअरचं प्रवासी विमान कोसळून ५० माणसं गेली. त्यानंतर अमेरिकी संसदेने कायदा केला, आणि त्यातून पायलटच्या थकव्याचे नवे नियम, ‘पार्ट ११७’, जानेवारी २०१४ पासून लागू झाले. त्यात ड्युटी किती तासांची हे निघण्याच्या वेळेवरून ठरतं: दोन पायलट असतील तर ९ ते १४ तास, पहाटे निघायचं असेल तर कमी. मालवाहू विमानांना मात्र यातून वगळलं, खर्चाच्या मानाने फायदा कमी असं कारण देऊन. त्यामुळे सप्लिमेंटल कार्गोत दोन पायलटांच्या क्रूला २४ तासांत १६ तासांपर्यंत ड्युटी आजही चालते. विमान तेच, आकाश तेच, रात्रही तीच. फरक एवढाच की मागे माणसं बसली आहेत की खोकी. पायलट संघटना ही सूट रद्द करा म्हणून वर्षानुवर्षं भांडत आहेत, आणि त्यांचं म्हणणं खोडून काढणं मला तरी जमत नाही.

थकवा म्हणजे नेमकं काय होतं हे पाहायचं असेल तर १८ ऑगस्ट १९९३ ची ग्वांटानामो बे या क्यूबातल्या अमेरिकी नौदल तळावरची घटना पाहावी. अमेरिकन इंटरनॅशनल एअरवेजचं, म्हणजे त्या काळच्या कलिटांच्या कंपनीचं, मालवाहू डीसी-८. क्रू रात्रभर उडून सकाळी अटलांटाला उतरला होता आणि आता सुटणार होता. तेवढ्यात दुसरी फेरी आली: नॉरफोकहून माल घेऊन ग्वांटानामोला. तिथे धावपट्टी १० वर उतरताना क्यूबाच्या हद्दीचं कुंपण अगदी लगत असल्याने शेवटी घट्ट उजवं वळण घ्यावं लागतं. हद्द ओळखायला एक लुकलुकणारा दिवा असायचा, तो त्या दिवशी बंद होता. कॅप्टन तो दिवा शोधत राहिला, पुन्हा पुन्हा विचारत राहिला. वेग कमी होत असल्याचं सहकाऱ्यांनी सांगितलं, ते त्याच्यापर्यंत पोचलं नाही. विमान तिरपं होत गेलं आणि धावपट्टीच्या अलीकडे आदळलं. तिघेही गंभीर जखमी झाले, पण वाचले.

तपासात निघालं की कॅप्टन साडेतेवीस तास जागा होता, फ्लाइट इंजिनिअर २१ आणि फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहपायलट, १९. अपघात तपासणाऱ्या एनटीएसबीने अपघाताच्या संभाव्य कारणातच थकव्याचं नाव घेतलं, तसं पहिल्यांदाच. आणखी एक गोष्ट अहवालात आहे, ती मला जास्त अस्वस्थ करते. माल उतरवून रिकामं विमान अटलांटाला परत न्यायचं ठरलेलं होतं. ते झालं असतं तर क्रूची ड्युटी २४ तासांची झाली असती. पण रिकामी फेरी भाड्याची नसल्याने वेगळ्या, सैल नियमांत बसते. पायलटांच्या भाषेत ‘टेल-एंड फेरी’. अशा फेऱ्यांचे तासही मोजावेत, अशी शिफारस एनटीएसबीने त्यानंतर केली. ऑन-डिमांड धंद्यात शेवटची फेरी बऱ्याचदा रिकामीच असते, हे लक्षात घेतलं की शिफारशीचं वजन कळतं.

आता पैसा. अमेरिकी सरकारच्या कामगार सांख्यिकी खात्याची मे २०२४ ची आकडेवारी सांगते की ठरल्या वेळापत्रकाने उडणाऱ्या एअरलाइन पायलटांचं वर्षाचं मध्यक वेतन २,२६,६०० डॉलर होतं, आणि चार्टर वगैरे बिनवेळापत्रकाची कामं करणाऱ्या ‘कमर्शिअल’ पायलटांचं १,२२,६७० डॉलर. दुसऱ्या गटात ऑन-डिमांड कार्गोबरोबर इतरही कामं येतात, त्यामुळे हा आकडा आपल्या पायलटचा पगार म्हणून वाचू नये. पण दोन्हींतली दरी साधारण केवढी आहे ते यातून कळतं.

मोठ्या कंपनीत पगाराचा पाया ‘गॅरंटी’ हा असतो. अमुक तासांचे पैसे महिन्याला मिळणारच, विमान उडो न उडो. आग लागली नाही म्हणून अग्निशमन दलाचा पगार कुणी कापत नाही, तसंच हे. समजा गॅरंटी ६५ तासांची आणि दर ताशी १५० डॉलर. महिन्यात २२ तासच उड्डाण झालं तरी ९,७५० डॉलर ठरलेले. ८० तास झाले तर ८० चे. ऐकायला झकास. आता दुसऱ्या बाजूने मोजा: १७ दिवस घराबाहेर म्हणजे ४०८ तास. भागाकार केला तर तासाला २४ डॉलरही पडत नाहीत. हे आकडे फक्त समजण्यासाठी घेतले आहेत, पण हा भागाकार प्रत्येक ऑफरवर करून पाहावा. ताशी दर पाहून हुरळून जाणारे महिन्याचे दिवस मोजायला विसरतात.

हीच विसंगती थोडी भरून काढायला ‘रिग’ असतो. म्हणजे ड्युटीच्या किंवा घराबाहेरच्या ठरावीक तासांमागे उड्डाणाचा एक तास धरून पैसे द्यायचे. चांगला रिग असला की कंपनीलाच क्रूला रिकामं बसवणं महाग पडतं, आणि वेळापत्रक आपोआप सुधारतं. म्हणून करार वाचताना मी ताशी दराच्या आधी रिगचं कलम शोधेन. याशिवाय ‘पर डीएम’ म्हणजे बाहेर असतानाचा भत्ता, आणि सुट्टीच्या दिवशी काम केलं तर वाढीव दर. ऑन-डिमांडमध्ये हा शेवटचा भाग किरकोळ नसतो. विमान बिघडलं, हवामान अडलं, की पंधराव्या दिवशी घरी जाणारा माणूस सतराव्या दिवशी जातो. ते दोन दिवस कोणत्या दराने, आणि नकार देता येतो का, हे करारात लिहिलेलं असलं पाहिजे.

लहान कंपनीत बहुधा सरळ वार्षिक पगार, त्यावर प्रत्येक फेरीचे किंवा तासाचे थोडे वरचे. युनियन सहसा नसते. पण इथे पगाराचं एक दुसरंही चलन चालतं: लॉगबुकातले तास. पार्ट १२१ मध्ये २०१३ पासून फर्स्ट ऑफिसरलाही एटीपी हे सर्वोच्च लायसन्स लागतं, आणि त्यासाठी सर्वसाधारण अट १,५०० तासांची. पार्ट १३५ मध्ये मालवाहू विमानाचा कॅप्टन १,२०० तासांवर होता येतं, त्यात १०० तास रात्रीचे आणि ७५ इन्स्ट्रुमेंटचे, म्हणजे बाहेर न बघता फक्त उपकरणांवर उडण्याचे, लागतात. प्रवासी जेटच्या कॅप्टनला एटीपी हवंच, पण फक्त माल असेल तर कमर्शिअल लायसन्सवरही जेट चालवता येतं. म्हणून पंचविशीतली पोरं इथे येतात. आणि पार्ट १२१ मध्ये ६५ व्या वर्षी थांबावं लागतं, पार्ट १३५ च्या अशा कंपन्यांत तशी वयाची मर्यादा नाही, म्हणून मोठ्या एअरलाइनमधून निवृत्त झालेलेही इथेच येतात. एकाच कॉकपिटमध्ये आजोबा-नातू शोभतील असे दोघं बसलेले असतात. फोन न आलेला महिना एकाला सुखाचा, दुसऱ्याला वाया गेलेला. कंपनीच्या हिशोबात दोघांचा खर्च सारखाच.

ट्रेनिंग सुरू होतं ‘इंडॉक’ने: कंपनीची कार्यपद्धती, नियम, धोकादायक मालाची हाताळणी. मग विमानाचं ग्राउंड स्कूल, मग सिम्युलेटर. प्रत्येक जेटसाठी, आणि १२,५०० पौंडांवरच्या कोणत्याही विमानासाठी, वेगळं टाइप रेटिंग, म्हणजे त्या प्रकारचं विमान चालवायची परवानगी, लागतं. ते चेकराइड ही उड्डाणाची परीक्षा पास झाल्यावरच मिळतं. त्यानंतर माल घेऊन खऱ्या फेऱ्यांवर अनुभवी पायलटच्या नजरेखाली काही काळ. जुन्या विमानांची सिम्युलेटर मोजकीच उरली आहेत, त्यामुळे काही ठिकाणी आठवडेच्या आठवडे तारीख मिळण्यात जातात. या काळात पगार पूर्ण मिळतो की अर्धा, हॉटेल कोण देतं, हे कंपनीगणिक बदलतं. कॅप्टनला दर सहा महिन्यांनी पुन्हा परीक्षा द्यावी लागते, आणि नापास झालेली चेकराइड एफएएच्या पायलट रेकॉर्ड्स डेटाबेसमध्ये राहते. पुढची प्रत्येक कंपनी ती पाहते.

ऑन-डिमांडच्या ट्रेनिंगमध्ये एक गोष्ट नेहमी कमी पडते, ती म्हणजे माल. रोज तोच मार्ग उडणाऱ्याला रोज तीच पॅलेट दिसतात. इथे आज इंजिन, उद्या घोडे, परवा चिलखती गाड्या. २९ एप्रिल २०१३ रोजी बग्रामहून उड्डाण घेताच नॅशनल एअरलाइन्सचं ७४७ कोसळलं आणि आतले सातही जण गेले. आत पाच लष्करी चिलखती गाड्या होत्या. सर्वांत मागची गाडी पट्टे तोडून मागे सरकली, तिने हायड्रॉलिक यंत्रणा आणि शेपटीचा आडवा पंख हलवणारा स्क्रू मोडला. त्यानंतर जगातल्या कोणत्याही पायलटला ते विमान सावरता आलं नसतं. तपासात दोष निघाला तो असा जड माल बांधण्याच्या कंपनीच्या अपुऱ्या आणि चुकीच्या पद्धतीत. तेव्हा माल चढवून बांधण्याची जबाबदारी असलेला लोडमास्टर हजर असला तरी ‘हे मॅन्युअलच्या कोणत्या पानावर आहे?’ असं कॅप्टनने विचारावं, एवढं शिक्षण त्यालाही हवं.

शेवटी ट्रेनिंगचा करार, ज्याला सगळे बाँड म्हणतात. टाइप रेटिंग महाग असतं आणि ते पायलटच्या लायसन्सवर चढतं, कंपनीच्या नाही. उद्या तो दुसरीकडे गेला की पैसे गेले. म्हणून कंपनी लिहून घेते: एक-दोन वर्षांच्या आत सोडलं तर इतके डॉलर परत. यात गैर काही नाही, पण कलमं एकसारखी नसतात. रक्कम दर महिन्याला कमी होत जाते की शेवटच्या दिवसापर्यंत पूर्ण राहते? मोजणी रुजू झाल्यापासून की चेकराइडपासून? कंपनीने ते विमानच विकून पायलटला घरी बसवलं तर बाँड सुटतो का? ट्रेनिंगमध्येच नापास झाला तर? आणि फर्स्ट ऑफिसरचा कॅप्टन होताना पुन्हा ट्रेनिंग येतं, बऱ्याचदा त्याबरोबर दुसरा कागदही येतो. पहिल्या बाँडचे उरलेले महिने त्यात संपतात की दोन्ही एकाच वेळी चालू राहतात, हे त्या कागदात लिहिलेलं नसेल तर सही करण्याआधी लिहून घ्यावं.